योना, मासा आणि पंचवीस मुलं : चर्चमध्ये छोटं संगीत नाटक कसं बसवावं

नाताळ जवळ आला की संडे स्कूलमध्ये गव्हाणीचा देखावा ठरलेला, आणि मरिया कोण होणार यावरून रुसवेफुगवेही ठरलेले. एक मरिया, एक योसेफ, आणि उरलेली वीस मुलं मेंढपाळ म्हणून काठी धरून उभी. म्हणून पहिल्यांदाच नाटक बसवणाऱ्यांना मी बायबलातल्या योना या संदेष्ट्याची गोष्ट घ्या म्हणते. देव त्याला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो, तो जहाजाने उलट तार्शीशकडे पळतो, वादळात समुद्रात फेकला जाऊन माशाच्या पोटात जातो आणि सुटल्यावर निनवेला पोहोचतो. शहर पश्चात्ताप करून वाचतं म्हणून तो रुसतो, आणि त्याला सावली देणारा वेल किडा कुरतडतो तेव्हा हळहळतो. चार अध्याय, 48 वचनं, वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. त्यात वादळ, मासा, राजा, गुरंढोरं, वेल आणि किडा आहे. नुसतं उभं राहायला कुणाला सवडच नाही.

शाळेतही ही गोष्ट चालते. ज्यू लोक योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी हेच पुस्तक वाचतात, आणि कुराणात योना यूनुस या नावाने भेटतो. तरी पालकांना आधी कळवा. चर्चमध्ये करणार असाल तर वेदीपुढची जागा वापरायची का, हे पाळकांना किंवा फादरना पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

आधी गाणी, मग संवाद

संवाद लिहायला बसू नका. लहान मुलं संवाद विसरतात, चालीत बसलेले शब्द विसरत नाहीत. एका अध्यायाला एक अशी चार गाणी करा. मधे दोन निवेदक दोन-तीन वाक्यं बोलतील. सगळं मिळून वीस मिनिटं, त्याहून जास्त नको.

चाली आपल्याकडे भरपूर आहेत. पहिल्या अध्यायात खलाशी आहेत, तिथे कोळीगीताचा ठेका घ्या. तिसऱ्यात योना निनवे शहरात ‘चाळीस दिवसांनी हे नगर उलथून जाईल’ असं ओरडत फिरतो. तो सरळ पोवाडाच आहे. योनाच्या हातात डफ द्या, मागे चार झीलकरी ‘जी जी जी’ म्हणायला उभे करा. चौथ्या अध्यायाला वेल वाढतो तसं हळूहळू चढत जाणारं छोटं गाणं पुरे.

दुसरा अध्याय वेगळा आहे. माशाच्या पोटातली योनाची प्रार्थना मुळातच कविता आहे, तिला अभंग शोभतो. चर्चमध्ये अभंग कसा, असं कुणी विचारलंच, तर फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली मराठी ओव्यांत छापलं गेलं आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले, एवढं सांगा. मोठ्या अभंगाचं माप सोपं आहे. पहिली तीन चरणं सहा-सहा अक्षरांची, चौथं चार अक्षरांचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. आम्ही असं जुळवलं:

पाण्याने वेढिले । प्राण कासावीस ।
तरी तुझी आस । धरली मी ॥

अशी चार कडवी मुलांकडूनच करून घ्या. बोटांवर अक्षरं मोजत ती तासभर रमतात.

सिनेमातली चाल मात्र नको. ऐन वेळी एखादं पोर मूळ शब्द गायला लागतं, आणि व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की हक्कांची कटकट वेगळीच.

सूर लावताना एक चूक हमखास होते. बाई किंवा सर आपल्याला सोयीची पट्टी धरतात आणि मुलं खालच्या स्वरांत पुटपुटत राहतात. पेटीवरच्या मधल्या पांढरी एकपासून (इंग्रजी C) वरच्या पांढरी एकपर्यंत, एवढ्याच पट्ट्यात चाल बसवा.

कामं कशी वाटायची

योना एकच हवा असं कुठे आहे? चार अध्यायांत चार योना करा. एक लाल उपरणं ठेवा, ज्याच्या खांद्यावर ते, तो योना. रुसवे निम्म्याने कमी होतात, आणि एखाद्याला ताप आला तरी नाटक अडत नाही.

अगदी लहानांसाठी तिसऱ्या अध्यायात खजिना आहे. निनवेचा राजा फर्मान काढतो की माणसांनीच नव्हे, जनावरांनीही गोणपाट पांघरावं आणि उपास करावा. वाण्याकडून रिकामी पोती आणा, झटकून उन्हात टाका, डोकं आणि हात निघतील अशी भोकं पाडा. पोत्यातल्या तीन गाई, दोन शेळ्या आणि एक हंबरायला विसरलेला बैल रंगमंचावर आले की आजी-आजोबांची हसून पुरेवाट होते. हसू द्या. ते मूळ गोष्टीतच आहे, आपण घुसडलेलं नाही.

वर्गातलं सगळ्यात लाजाळू मूल वेल कुरतडणारा किडा होऊ दे. बोलायचं काही नाही, फक्त रांगत येऊन हिरवी ओढणी खाली ओढायची. टाळ्या त्यालाच पडतात.

मासा

एका वर्षी आम्ही थर्माकोलचा आठ फुटी मासा केला. तो हॉलच्या दारातून आत गेलाच नाही. तेव्हापासून दोन मोठ्या काळ्या छत्र्या वापरतो. दोन उंच मुलांनी त्या समोरासमोर आडव्या धरायच्या, हळूहळू उघडायच्या, योना मधे शिरला की जवळ आणायच्या. झाला जबडा. मागे सहा मुलं काळी चादर धरून शरीर होतात. (बायबलात ‘मोठा मासा’ एवढंच आहे, देवमासा आपण आपल्या मनाने केला.) समुद्रासाठी दोन निळ्या नऊवारी साड्या दोन्ही टोकांनी धरून हलवा. योना माशाच्या पोटात गेला की दिवे बंद, त्याच्या चेहऱ्यावर एक टॉर्च, आणि पेटीवर नुसता षड्ज. अभंग इथे सुरू होतो. मृदंग नको, टाळही नकोत.

निनवे रंगमंचाच्या एका टोकाला आणि तार्शीश दुसऱ्या टोकाला ठेवा. देव इकडे जा म्हणतो आणि योना तिकडे चालू लागतो, हे न बोलता कळलं पाहिजे.

सहा रविवार

पहिल्या रविवारी फक्त गोष्ट सांगा आणि चिठ्ठ्यांचा खेळ खेळा. वादळ कुणामुळे आलं हे ठरवायला खलाशीही चिठ्ठ्याच टाकतात. दुसरा आणि तिसरा गाण्यांसाठी. चौथ्या रविवारी हालचाली, पाचव्याला साड्या, छत्र्या, पोती सगळं घेऊन. सहाव्याला रंगीत तालीम, त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर. गाणी आधी रेकॉर्ड करून मुलांना नुसते ओठ हलवायला लावू नका. बेसूर गायली तरी चालतील. माइक दोन पुरतात, एक निवेदकांना आणि एक गाणाऱ्यांच्या मधोमध.

शेवट

देवाचा आवाज म्हणून कुणा काकांना माइकवर गडगडायला बसवू नका. योनाखेरीज सगळी मुलं प्रेक्षकांच्या मागे जाऊन उभी राहू देत आणि तिथून एका सुरात बोलू देत. योनाचं पुस्तक देवाने योनाला विचारलेल्या प्रश्नावर संपतं. वेलीसाठी तू हळहळतोस, मग उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या या शहराची मला दया येऊ नये काय? योना उत्तर देत नाही. तुमच्या योनालाही देऊ देऊ नका. ‘गुरंढोरं’ शब्दावर पोत्यातला बैल एकदा हंबरेल, मग दिवे बंद.