भीमा-सीनेच्या काठावर झाडोरा टिकत नाही? माती-पाण्याच्या या चुका टाळा

पावसाळ्यात नदीकाठी रोपं लावायची आणि मे महिन्यात रिकामी आळी मोजायची, हे सोलापूर जिल्ह्यात नवीन नाही. खापर फुटतं उन्हावर. दुखणं मात्र बऱ्याचदा माती-पाण्यात असतं, आणि काठावर आपोआप उगवलेलं त्याची खूण आधीच देत असतं.

हिरवा काठ म्हणजे चांगला काठ, हा समज. जलपर्णी, पाणकणीस आणि बेशरम एवढंच दिसत असेल, तर सांडपाणी किंवा उसाच्या रानातलं खत पाण्यात उतरतंय का, ते आधी तपासा. नायट्रेट-फॉस्फेटवर ही मंडळी झपाट्याने पसरतात. खालच्या माक्याला, ब्राह्मीला उजेडच उरत नाही. उपसलेली जलपर्णी काठावर टाकली, तर ती कुजून तेच खत पुन्हा नदीत जातं. पूररेषेच्या वर नेऊन कुजवा.

सगळ्या काठाचा एकच माती नमुना. पाण्याची कड, उतार आणि माथा यांची माती वेगळी असते. तिन्ही पट्ट्यांतून प्रत्येकी ८-१० ठिकाणची २० सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या, पट्टावार मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो ठेवा. वरचा पांढरा क्षारांचा थर खरवडून त्यात घालू नका, क्षारतेचा आकडा फुगतो. अहवालातली क्षारता १:२.५ द्रावणातली (एक भाग माती, अडीच भाग पाणी) आहे की संपृक्त अर्कातली (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यातली), हेही विचारा. हे दोन आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत.

पांढरं दिसलं की जिप्सम. सर्वांत महागडी चूक हीच. जिप्सम लागतं चोपण जमिनीला, म्हणजे सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तिथे. नुसत्या खारवट जमिनीत ते वाया जातं. तिथे चर काढून क्षार निचरावे लागतात आणि शेजारच्या रानातलं जादा पाटपाणी थांबवावं लागतं.

जमीन चोपण आहे का, याचा घरच्या घरी अंदाज घेता येतो. शेंगदाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा आणि दोन तास हलवू नका. ढेकूळ ढासळलं तरी पाणी नितळ राहिलं, तर चोपणपणाची शक्यता कमी. भोवती दुधाळ ढग पसरला, तर सोडियमने चिकणमातीचे कण सुटे केलेत. हेच कण छिद्रं बुजवतात आणि मुळांना हवा मिळत नाही. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार ढग दाबतात. माती स्वतःच फार खारट असेल तरी तेच होतं, म्हणून शंका आली तर प्रयोगशाळा गाठा.

पाण्याचा नमुना भर दुपारी. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, त्यामुळे घाण पाणीही दुपारी चांगलं भासतं. प्राणवायू पहाटे मोजा. इतर रासायनिक तपासण्यांसाठी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, वाहत्या धारेत १५-२० सेंमी खालून काठोकाठ भरा आणि थंड ठेवून २४ तासांत पोचवा.

पातळी न बघता लागवड. उजनी धरणातून पाणी सुटलं की भीमेची कड वर सरकते, मग पुन्हा उघडी पडते. अशा पट्ट्यात वाळुंज, शेरणी अशी पाण्यात तगणारी झाडं-झुडपं लावा. करंज, अर्जुन, जांभूळ वरच्या उतारावर लावा. खारवट जागी करंज आणि बाभूळ त्यातल्या त्यात बरे. जांभळाचा हट्ट तिथे धरू नका.

नोंद एकदाच करून थांबू नका. ऑक्टोबरात आणि पाणी ओसरल्यावर फेब्रुवारीत, त्याच खुंट्या ठोकलेल्या १×१ मीटर चौकटींत गवतं आणि छोट्या वनस्पती मोजा. झुडपांसाठी चौकट ५×५ मीटरची, झाडांसाठी १०×१० मीटरची.