जनावरांना प्रतिजैविकांची इंजेक्शने देताना या चुका टाळा

आजारी जनावर पाहायला गोठ्यात गेले, की मी सर्वांत आधी विचारते, "आतापर्यंत काय टोचले आहे?" बहुतेक वेळा उत्तर मिळते, "दोन इंजेक्शने झाली, पण फरक नाही." औषध कोणते, किती मिली, मांसात दिले की कातडीखाली आणि नेमके केव्हा, असे पुढे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. पशुवैद्यकाने निदान करून पहिले इंजेक्शन दिल्यावर उरलेला उपचार गोठ्यातील माणसांनी पूर्ण करण्यात गैर काही नाही. पुष्कळ ठिकाणी त्याला दुसरा इलाजही नसतो. मात्र तो उपचार करताना होणाऱ्या त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे आणि त्या जनावराच्या जिवावर बेतलेल्याही पाहिल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ताप दिसला की प्रतिजैविक

मुळात ताप आहे की नाही, हेच पुष्कळदा पाहिलेले नसते. निरोगी गाईचे तापमान साधारण ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस असते आणि शेळीचे त्याहून थोडे अधिक. कानाला हात लावून ते कळत नाही, त्यासाठी थर्मामीटरच हवा. प्रतिजैविक जिवाणूंवर काम करते, विषाणूंवर नाही. लाळ्या खुरकूत, लम्पी आणि तिवा हे विषाणूंचे आजार आहेत. त्यांत प्रतिजैविक दिले जाते ते मागाहून होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गासाठी, आणि त्याची गरज आहे की नाही हे पशुवैद्यकाने ठरवायचे असते. व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांत कान थंड पडून बसलेल्या गाईला बहुधा कॅल्शिअमची गरज असते. तिला प्रतिजैविक टोचून सकाळची वाट पाहिली, तर सकाळपर्यंत ती हाती लागेलच असे नाही. कासदाहात दुधाचा नमुना तपासणीला पाठवायचा असेल, तर तो पहिल्या इंजेक्शनपूर्वी घ्यावा, कारण औषध गेल्यानंतरच्या नमुन्यात जिवाणू वाढतीलच याची खात्री राहत नाही.

सिरिंजवरून ठरवलेली मात्रा

सिरिंज वीस मिलीची, म्हणून मात्राही वीस मिली, हा हिशेब मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लीनचे उदाहरण घेऊ. त्याच्या एका मिलीत २०० मिलिग्रॅम औषध असते आणि नेहमीची मात्रा दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम असते, म्हणजेच दर दहा किलोला एक मिली. सव्वाचारशे किलोच्या गाईला त्यानुसार ४२ मिली औषध लागते. तिला एक सिरिंज भरून वीस मिली दिले, तर निम्मीही मात्रा पोहोचत नाही. दोन दिवस ताप थोडा उतरतो, मग पुन्हा चढतो, आणि "हे औषध लागू पडत नाही" असा शिक्का त्या औषधावर बसतो. मग दुसरे, अधिक तीव्र औषध मागितले जाते आणि तेही पुन्हा वीस मिलीच दिले जाते.

यामागचे कारण बहुतेक वेळा वजनाचा अंदाज हे असते. एका गोठ्यात न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या गाईचे वजन तीन अनुभवी माणसांनी मला साडेतीनशे किलो सांगितले होते. फीत लावल्यावर ते ४८० किलो निघाले. त्या माणसांचा अनुभव खोटा नव्हता, पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या जनावराचे वजन नजरेला कमीच वाटते, असे मी अनेकदा पाहिले आहे. काटा नसेल तर शिंप्याची साधी फीत पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजावी, घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि १०,८४० ने भागावे. उत्तर किलोत मिळते. घेर १७५ आणि लांबी १५० असेल, तर वजन ४२४ किलो येते. हा आकडा काट्याइतका अचूक नसतो, तरी नजरेच्या अंदाजापेक्षा पुष्कळ भरवशाचा असतो. मी फीत औषधांच्या पेटीत सिरिंजच्या वर ठेवते, म्हणजे ती बाजूला सारल्याशिवाय सिरिंज हाती येत नाही.

वजन बरोबर असूनही मात्रा चुकते, ती बाटलीवरची तीव्रता न वाचल्यामुळे. ऑक्सिटेट्रासायक्लीन दर मिलीला ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतांत मिळते. मागच्या खेपेला इतके मिली दिले होते, एवढ्या आठवणीवर नव्या बाटलीतून औषध भरणे धोक्याचे आहे.

याच्या उलट, जास्त दिले की लवकर गुण येतो असे मानणारेही भेटतात. हगवणीने अंगातील पाणी उतरलेल्या वासराला जेंटामायसिनची वाढीव मात्रा दिली, तर आधीच ताणाखाली असलेली मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि या औषधाचा अंश मूत्रपिंडात कित्येक महिने टिकतो.

मात्रेइतकेच दिवसही महत्त्वाचे असतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पुरस्कार स्वीकारताना केलेल्या व्याख्यानातच इशारा दिला होता, की जिवाणू मरणार नाहीत इतक्या अपुऱ्या औषधात त्यांना ठेवले, तर ते त्या औषधाला दाद देईनासे होतात. पाच दिवसांचा उपचार दुसऱ्या दिवशी गाय चारा खाऊ लागली म्हणून थांबवणारी माणसे पाहिली की मला हा इशारा आठवतो. उपचार थांबवायचा असेल किंवा वाढवायचा असेल, तर ज्याने तो लिहून दिला त्याला विचारावे.

दट्ट्या मागे न ओढणे

ही चूक क्षणाची असते आणि तिचे परिणामही क्षणात दिसतात. खूर सडल्यामुळे लंगडणाऱ्या एका गाईला मी प्रोकेन पेनिसिलिन सुरू केले होते. पहिल्या दिवशी मी स्वतः दिले. पुढचे तिथल्या एका तरुणाने द्यायचे ठरले. त्याचा हात चांगला होता आणि दुसऱ्या दिवशीचे इंजेक्शन व्यवस्थित पार पडले. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्याच खुंट्यावर वासरू तपासत होते. त्याने सुई मानेत घातली, गाईने मान झटकली, त्याने ती सावरली आणि दट्ट्या सरळ दाबला. निम्मे औषधही गेले नसेल, तोच गाईचे कान ताठ झाले, डोळे विस्फारले, अंग थरथरू लागले आणि तिने दाव्यासकट पुढे उडी घेतली. ती गव्हाणीवर आदळून खाली कोसळली आणि चारही पाय झाडू लागली. त्या तरुणाचा हात गव्हाण आणि तिचे डोके यांच्यामध्ये सापडला आणि मनगटाचे हाड मोडले. गाईचे एक शिंग मुळातून हलले. दहा-पंधरा मिनिटांनी ती शांत झाली आणि अर्ध्या तासाने उठून उभी राहिली. ती वाचली हे नशीब, कारण अशा झटक्यात मेलेली जनावरेही मी पाहिली आहेत.

त्या दिवशी गोठ्यात सर्वांनी निष्कर्ष काढला, की या गाईला पेनिसिलिन सोसत नाही. तो चुकीचा होता. प्रोकेन हे बधिर करणारे औषध आहे. पेनिसिलिनला ते जोडलेले असते, म्हणून पेनिसिलिन मांसातून सावकाश रक्तात उतरते. हे पांढरे, दाट औषध चुकून शिरेत गेले, की प्रोकेन थेट मेंदूपर्यंत पोहोचते आणि जनावर भेदरल्यासारखे उसळते. सुई अंगात असतानाच किंवा लगेच पुढच्या काही क्षणांत हे घडते. ॲलर्जीचे रूप वेगळे असते: श्वास कोंडतो, पापण्या आणि तोंड सुजते, अंगावर गांधी उठतात, जनावर गळून खाली बसते. त्या वेळी ॲड्रेनॅलिन तातडीने द्यावे लागते. ते औषध जवळ असावे आणि आपल्या जनावरांच्या वजनानुसार त्याची मात्रा पशुवैद्यकाला आधीच विचारून बाटलीवर लिहून ठेवलेली असावी. जनावर खाली पडल्यावर फोन करून मात्रा विचारण्याइतका वेळ हाती नसतो. प्रोकेनच्या झटक्यात मात्र माणसांनी चटकन बाजूला व्हावे, गोंगाट थांबवावा आणि आदळेल अशी वस्तू दूर करता आली तरच करावी.

त्या घटनेनंतर मी एक सवय लावून घेतली आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला तीच लावते. सुई सिरिंजला न जोडता एकटीच आत घालायची आणि पाच आकडे मोजेपर्यंत तिच्या बुडाकडे पाहायचे. रक्ताचा थेंब आला नाही तरच सिरिंज जोडायची, दट्ट्या मागे ओढून दोन-तीन सेकंद थांबायचे आणि मग औषध सावकाश सोडायचे. मध्येच जनावर हलले, तर पुन्हा दट्ट्या मागे ओढून पाहायचे, कारण सुईचे टोक त्या हालचालीने सरकलेले असू शकते. रक्त दिसले तर सुई आतल्या आत वळवायची नाही. पूर्ण बाहेर काढून नवी सुई दुसऱ्या जागी घालायची. यात अर्धे मिनिट जास्त जाते. एवढ्या वेळाची घाई असणाऱ्याने सुई हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा, सुया आणि मिश्रणे

मांसातले इंजेक्शन मानेत द्यावे: खांद्याच्या पुढे, मानेच्या वरच्या जाड दोरीसारख्या पट्ट्याच्या खाली आणि मणक्यांच्या वर जो त्रिकोण असतो, तिथे. पुठ्ठ्यात देणे सोपे वाटते, पण तिथे पायाची मोठी नस असते आणि लहान वासरांत ती दुखावून पाय कायमचा लुळा पडू शकतो. शिवाय तिथे गळू झाले, तर पू खाली वाहून जायला वाट मिळत नाही. एका जागी किती औषध चालते ते वेष्टनावर लिहिलेले असते. मोठ्या जनावरांत बऱ्याच औषधांसाठी ती मर्यादा १० मिली आहे. वरच्या उदाहरणातले ४२ मिली म्हणजे पाच जागा झाल्या. त्या मानेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींपासून तळहाताएवढे अंतर ठेवून निवडाव्यात.

वापरलेली सुई बाटलीत पुन्हा कधीही घालू नये. एक स्वच्छ सुई बाटलीच्या बुचात उभी ठेवून तिच्यातूनच औषध भरावे. वाकलेली सुई सरळ करून वापरणे म्हणजे ती मांसात मोडण्याची तयारी करणे आहे. एका सुईने अनेक जनावरे टोचली, तर रक्तातून पसरणारे आजारही सोबत टोचले जातात. शेणाने माखलेल्या किंवा ओल्या कातडीतून सुई घालू नये.

दोन औषधे एका सिरिंजमध्ये मिसळू नयेत. पेनिसिलिन आणि जेंटामायसिन एकत्र भरले, की जेंटामायसिनचा प्रभाव कमी होतो. ऑक्सिटेट्रासायक्लीन कॅल्शिअमला बांधले जाते. एकाच दिवशी दोन वेगळी प्रतिजैविके आपल्या मनाने सुरू करणेही तितकेच वाईट, कारण ऑक्सिटेट्रासायक्लीनसारखे टेट्रासायक्लीन गटातले औषध जिवाणूंची वाढ थांबवते आणि पेनिसिलिनला मारायला वाढते जिवाणूच लागतात.

प्रोकेन पेनिसिलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, गोठू देऊ नये आणि भरण्यापूर्वी चांगले हलवावे. पहिली सुई टोचल्यानंतर बाटली किती दिवस चालते तेही वेष्टनावर असते. बऱ्याच बाटल्यांवर २८ दिवस असतात. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर त्याच क्षणी लिहावी.

टिल्मिकोसिन

हे औषध जनावरांच्या न्यूमोनियात उत्तम काम करते, पण माणसाच्या अंगात चुकून गेले तर हृदयावर परिणाम करून जीव घेऊ शकते. अशा अपघातांत माणसे दगावलेली आहेत आणि त्यावर उतारा नाही. ते शिरेत कधीही देऊ नये आणि शेळीला देऊच नये. जनावर खोड्यात नीट जखडलेले नसेल, तर ही सिरिंज भरूच नये. भरलेली सिरिंज खिशात किंवा दातांत धरू नये, एकट्याने हे काम करू नये आणि सुई स्वतःला लागल्यास त्या जागी बर्फ लावून औषधाच्या वेष्टनासह त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

दुधाचा आणि मांसाचा प्रतीक्षाकाळ

जनावर बरे झाले, की उपचार संपला असे सगळे मानतात. औषध मात्र दुधातून आणि मांसातून बाहेर पडतच असते, आणि ते सुरक्षित पातळीखाली येईपर्यंत वेष्टनावर सांगितलेले दिवस मोजावेच लागतात. कोडेक्स या अन्नपदार्थांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एक किलो दुधात पेनिसिलिनची मर्यादा ४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम पेनिसिलिन अडीच लाख किलो दूध या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. दूध उकळून हा अंश जाईल यावर विसंबता येत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो आणि विरजणातले जिवाणूही मरतात. मात्रा वाढवली, जागा बदलली किंवा दिवस वाढवले, तर वेष्टनावरचा प्रतीक्षाकाळ लागू राहत नाही. तो पशुवैद्यकाकडून नव्याने ठरवून घ्यावा. हे दूध वासरांना पाजणेही मला मान्य नाही, कारण त्यांच्या आतड्यांतले जिवाणू रोज थोडे थोडे औषध चाखत त्याला सरावतात.

गोठ्यात वहीचे एक पान यासाठी पुरते: जनावराचा बिल्ला क्रमांक, औषध, तीव्रता, मिली, जागा, तारीख आणि वेळ, आणि दूध-मांस पुन्हा वापरता येईल ती तारीख. वही उघडायला विसरणारे विसरतातच, म्हणून मी पहिल्या इंजेक्शनच्या आधी जनावराच्या मागच्या पायाला लाल फीत बांधते. धार काढणारा माणूस बदलला तरी त्याच्या डोळ्यांसमोर ती येते, आणि वहीतली शेवटची तारीख उलटून गेल्यावरच ती सोडायची असते.