स्मॉलमाउथसाठीच्या टॉपवॉटर ल्यूरचे गळ कसे निवडावेत आणि कसे बदलावेत

स्मॉलमाउथ बास या माशाने टॉपवॉटर, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या ल्यूरवर (खोट्या आमिषावर) झडप घातली, पाणी उडालं, रॉड वर गेला आणि दोरी मोकळीच परत आली, की पहिला संशय गळावर जातो. तो दर वेळी खरा नसतो. हा मासा पुष्कळदा ल्यूर तोंडात न घेता नुसती धडक देतो, आणि आपण पाणी उडालेलं बघूनच रॉड झटकतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक करून पाहा. कितीही मोठा आवाज झाला तरी ल्यूर चालवत राहा, दोरीला माशाचं वजन जाणवलं की मगच रॉड ओढा. एवढं करूनही हुकत असेल, किंवा लागलेला मासा हवेत उडी मारून डोकं झटकताना सुटत असेल, तर गळाकडे वळा.

इथे डोळ्यासमोर आहे ती डेलावेअर नदी. न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनियाच्या मधून वाहणारी ही नदी एडिसनकडच्या मराठी वस्तीपासून गाडीने जेमतेम तास-दीड तासावर आहे. पाणी १६ अंश सेल्सियसच्या वर गेलं की सकाळ-संध्याकाळ पाण्यावरच्या ल्यूरचा खेळ सुरू होतो. गंमत म्हणजे स्मॉलमाउथ इथला मूळचा नाही. वॉशिंग्टन शहराजवळून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीत तो १८५४ मध्ये पोहोचला तो बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीतून, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. डेलावेअरमध्येही त्याला माणसांनीच आणून सोडलं.

पायरी १: जुना गळ खरोखर बाद झालाय का?

टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवा आणि न दाबता ओढा. नखात रुतून थांबलं तर धार शाबूत आहे, घसरलं तर टोक बोथट आहे. डेलावेअरचा तळ दगडगोट्यांचा आहे. फेक जरा लांब गेली की ल्यूर खडकावर आपटतो, त्यामुळे अगदी नवा गळही एका दुपारीत बोथट होऊ शकतो. ट्रेबलची, म्हणजे तीन टोकांच्या गळाची, तिन्ही टोकं वेगवेगळी तपासा.

जाड तारेचा साधा गळ कानशीने पुन्हा धारदार करता येतो. हल्लीचे बहुतेक चांगले गळ मात्र रासायनिक प्रक्रियेने धारदार केलेले असतात. त्यांना कानस लावली की वरचा लेप जातो, गंज धरतो आणि मूळची धार काही परत येत नाही. एकदा उघडून फाकलेला गळ पकडीने वाकवून पुन्हा वापरू नका, तो पुढच्या मोठ्या माशाला तिथेच दगा देतो.

पायरी २: काढण्याआधी ल्यूर तरंगवून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. पाण्यावर चालणारा ल्यूर गळांचं वजन धरूनच बनवलेला असतो. अर्ध्या औंसाचा, म्हणजे १४ ग्रॅमचा ल्यूर घेतला, तर त्यावरचा ४ नंबरचा ट्रेबल साधारण एका ग्रॅमच्या आसपास भरतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो वजन टाकतो ते पोटाखाली किंवा थेट शेपटीच्या टोकाला, आणि तिथे थोडक्या फरकानेही ल्यूरची बसण्याची ढब बदलते.

बादलीत पाणी घ्या. जुन्या गळांसकट ल्यूर तरंगवा आणि बाजूने फोटो काढून ठेवा. नाक किती वर आहे, शेपूट किती बुडाली आहे, पाण्याची रेघ अंगावर कुठून जाते, हे सगळं त्यात आलं पाहिजे. मग गळ काढून सोनाराकडे असतो तशा बारीक काट्यावर तोला. असले छोटे डिजिटल काटे ऑनलाइन स्वस्तात मिळतात. ट्रेबलची दोन टोकं कुठल्या बाजूला होती तेही पाहून ठेवा.

शेपटीचं वजन वाढलं तर काय होतं? झारा स्पूकसारखा डावी-उजवीकडे नागमोडी चालणारा ल्यूर अधिक उभा बसतो, प्रत्येक झटक्याला कमी सरकतो आणि चाल आखूड होते. कधीकधी संथ पाण्यात ते हवंही असतं. पॉप-आरसारख्या पॉपरला शेपूट थोडी खाली असलेली चालते, पण जास्त बुडाली तर तोंडातून पाण्याचा फवारा नीट उडत नाही. टायनी टॉर्पेडोसारख्या, शेपटीला पातं असलेल्या ल्यूरचं तर पातंच पाण्यात खोल जातं आणि त्याचा खळखळाट दबतो.

पायरी ३: नंबर

गळांच्या नंबरांचा हिशेब उलटा चालतो. ८ पेक्षा ६ मोठा, ६ पेक्षा ४ मोठा, ४ पेक्षा २ मोठा. १ नंतर १/०, २/० असे चढते आकडे सुरू होतात. स्मॉलमाउथसाठी आपण वापरतो त्या अडीच-साडेतीन इंची ल्यूरवर बहुधा ६ किंवा ४ नंबरचे ट्रेबल बसतात.

पण पाकिटावरच्या नंबरावर विसंबू नका. एका कंपनीचा नऊ नंबरचा बूट दुसऱ्या कंपनीच्या आठ नंबराएवढा निघतो, तसंच इथेही आहे. जुना गळ खिशात घालून दुकानात जा आणि नव्याशेजारी ठेवून मापा. दांडीची लांबी पाहा, आणि टोक ते दांडी हे अंतरही पाहा.

गळ बसवल्यावर पोटाचा गळ मागे आणि शेपटीचा पुढे ओढा. दोघे एकमेकांना अडकत असतील तर एक नंबर खाली या, किंवा आखूड दांडीचा घ्या. पोटाचा गळ पुढे ओढून नाकाशी दोरीच्या कडीपर्यंत पोहोचत असेल तरी तेच. व्हॉपर प्लॉपरसारख्या ल्यूरला शेपूट स्वतःच गोल फिरते, तिथे पोटाचा गळ त्या शेपटीला घासत नाही ना हेही पाहा. दुसरीकडे, गळ इतका लहान नको की त्याची टोकं ल्यूरच्या अंगाआडच लपतील. समोरून पाहिल्यावर टोकं दोन्ही बाजूंना डोकावली पाहिजेत.

पायरी ४: तारेची जाडी

पाकिटावर १एक्स, २एक्स असं लिहिलेलं असतं, ते तार नेहमीपेक्षा किती मजबूत आहे याची खूण. जाड तार वाकत नाही, पण रुतायला जोर जास्त मागते आणि वजनही वाढवते. पातळ तार चटकन घुसते.

स्मॉलमाउथ वजनाने फार मोठा होत नाही. जागतिक विक्रमाचा मासा, १९५५ साली डेल हॉलो जलाशयात मिळालेला, ११ पौंड १५ औंसाचा होता. नदीत आपल्याला मिळतात ते त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शाचे, आणि तेही मिळाले तर. शिवाय टॉपवॉटरला बरेच जण ताणली जाणारी नायलॉनची मोनो दोरी आणि जरा लवचीक रॉड वापरतात. अशा जोडीला पातळ किंवा मध्यम तारच योग्य. न ताणली जाणारी, विणलेली ब्रेड दोरी आणि ताठ रॉड असेल तर १एक्सकडे जा. डेलावेअरमध्ये मस्की आणि वसंतात स्ट्राइप्ड बास हे मोठे मासेही भेटतात, त्यांचा मोह असेल तरी स्मॉलमाउथच्या छोट्या ल्यूरवर २एक्स लादू नका. त्यासाठी वेगळा, मोठा ल्यूर ठेवा.

याच कारणाने कोकणच्या खाडीत स्मॉलमाउथपेक्षा कितीतरी मोठ्या होणाऱ्या जिताड्यासाठी पाण्यावरचा ल्यूर टाकणाऱ्यांचं गणित उलटं आहे. त्यांना जाड तार आणि खाऱ्या पाण्याला टिकणारा लेप दोन्ही लागतं. इथले गळ तिकडे भेट म्हणून नेणार असाल तर ध्यानात ठेवा.

पायरी ५: वळणाचा आकार

ट्रेबल मुख्यतः दोन घडणींचे. गोल वळणाच्या गळाची टोकं सरळ वर, मोकळी असतात, त्यामुळे ओझरता स्पर्श झाला तरी ती लागतात. रुंद वळणाच्या, टोक किंचित आत झुकलेल्या गळात लागलेला मासा जास्त घट्ट राहतो, पण लागायला तो किंचित कमी तत्पर असतो.

माझी पसंती मिश्र आहे. शेपटीला गोल, पोटाला आत झुकलेला. मागून येऊन शेपटीला चाटून जाणारा मासा गोल गळाच्या मोकळ्या टोकांना सापडतो, तर पोटाचा आत झुकलेला गळ दोरीत आणि शेजारच्या गळात कमी गुंततो. उड्या मारून मासे सुटण्याचीच तक्रार असेल तर दोन्हीकडे आत झुकलेले लावून पाहा.

पॉपरच्या शेपटीला पिसांचा गळ असेल तर तो साध्या गळाने बदलू नका. पॉपर थांबवल्यावर ती पिसं पाण्यात हळूच हलत राहतात, आणि स्मॉलमाउथ नेमका त्या थांब्यातच उचलतो. पिसं बांधलेला तयार गळ घ्या किंवा कोंबड्याच्या मानेची पिसं दोऱ्याने दांडीला स्वतः बांधा. गळाच्या दीडपट लांबी पुरे. पिसं पाणी पितात, म्हणून त्यांचं वजन ओली करून मोजा.

पायरी ६: ट्रेबलऐवजी एकेरी गळ?

मासे सोडून देणाऱ्यांसाठी हा पर्याय चांगला आहे. माशाच्या डोळ्याला, गालाला कमी इजा होते, जाळ्यात कमी गुंततो आणि आपली बोटंही वाचतात. ल्यूरसाठीच बनवलेला, नेढं आडवं वळवलेला एकेरी गळ घ्या. साधा गळ स्प्लिट रिंगमध्ये, म्हणजे गळ ल्यूरला जोडणाऱ्या दुपदरी कडीत, तिरका बसतो. एकेरी गळ ट्रेबलपेक्षा हलका असतो, म्हणून नंबर एक-दोनने मोठा घेऊन वजन जुळवावं लागतं. पुन्हा बादली. पोटाच्या गळाचं टोक पुढे आणि शेपटीच्या गळाचं वर, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. सुरुवातीला काही फटके जास्त हुकल्यासारखे वाटतील, ते खरंच आहे.

ट्रेबलच ठेवायचे असतील तर निदान टोकामागचा उलटा दात, म्हणजे बार्ब, पकडीने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा सुटत नाही. काही ठिकाणी हे ऐच्छिकही नाही. कॅनडात ऑन्टॅरिओतल्या क्वेटिको उद्यानात बार्ब नसलेलेच गळ लागतात. परवाना काढताना त्या पाण्याचे नियम वाचून घ्या.

पायरी ७: बसवणं

स्प्लिट रिंगची पक्कड घ्या, नखांनी प्रयत्न करू नका. डोळ्याला चष्मा लावा, उरलेल्या गळाच्या टोकांवर बुचाचा तुकडा किंवा चिकटपट्टी लावा. पकडीच्या दाताने रिंग उघडा, जुन्या गळाच्या मागोमाग नव्याचं नेढं आत सरकवा आणि दोघांना एकत्र फिरवा. नवा आत बसतो तेव्हा जुना बाहेर पडतो आणि रिंग एकदाच उघडावी लागते. रिंगेत फट राहिली किंवा ती लांबट झाली तर तीही बदला. मापाने मोठी रिंग घालू नका, गळ खाली लोंबतो आणि पायरी ३ मधली अडकाअडकी परत येते. जुन्या लाकडी ल्यूरना काही वेळा रिंगच नसते, तिथे नवी जोडली तरी हाच धोका.

पायरी ८: पुन्हा बादली, मग नदी

ल्यूर तरंगवून फोटोशी ताडा. शेपूट जास्त बुडत असेल तर मागचा गळ पातळ तारेचा घ्या. नाक खाली गेलं तर पोटाचा हलका करा किंवा मागचा थोडा जड करा. चांगल्या गळांचं पाकीट कधीकधी ल्यूरच्याच किमतीला जाऊन भिडतं, त्यामुळे फक्त शेपटीचा बदलून भागवावंसं वाटतं. चालेल, वजन जुळत असेल तर.

काठाजवळच्या संथ पाण्यात काही फेका टाकून चाल पाहा. ती जुन्यासारखी आली की प्रवाहात जा. काढलेले गळ झाकणाच्या बाटलीत भरून, बाटलीला चिकटपट्टी लावून मगच कचऱ्यात टाका. ओला ल्यूर डब्यात बंद करू नका, एका रात्रीत नव्या गळांवर गंजाचे ठिपके येतात.