प्रोसेसरची माहिती विचारताना या चुका टाळा

लिनक्सवर मशीनला किती कोअर आहेत हे सिसकॉन्फ (सिस्टिमची माहिती देणारं सी फंक्शन) एका ओळीत सांगतो. आकडा खराच असतो. पण आपल्या प्रोग्रामच्या वाट्याला त्यातले किती येणार, हा प्रश्न वेगळा, आणि तो कोणी विचारतच नाही.

एका ग्राहकाकडे 64 लॉजिकल कोअरच्या सर्व्हरवर एक सर्व्हिस कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या, मर्यादा घातलेल्या कप्प्यात चालायची. कंटेनरला मर्यादा दोन कोअरची, सर्व्हिस मात्र सिसकॉन्फला विचारून 64 थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) उभे करायची. गर्दी झाली की रिस्पॉन्स अडकायचा आणि सर्व्हर मात्र निवांत दिसायचा. टीमने आधी नेटवर्कला शिव्या घातल्या, मग डेटाबेसला, आणि शेवटी थ्रेडच वाढवले! सीग्रुपची (कंटेनरच्या मर्यादा सांभाळणारी कर्नलची सोय) ‘सीपीयू.मॅक्स’ फाइल उघडली तर आत फक्त 200000 100000, दोन्ही मायक्रोसेकंद. म्हणजे दर 100 मिलिसेकंदांत 200 मिलिसेकंदांचा सीपीयू वेळ. एवढे थ्रेड एकदम सुटले की हा कोटा तीन-पाच मिलिसेकंदांत फस्त होतो, आणि पुढची फेरी येईपर्यंत कर्नल सगळ्यांना ताटकळत ठेवतो. शेजारच्या ‘सीपीयू.स्टॅट’मध्ये ‘एनआर_थ्रॉटल्ड’ (कोटा संपून अडवलं त्या वेळांचा आकडा) भराभर वाढत होता, पण तिकडे बघायला वेळ कोणाला होता? थ्रेड दोनवर आणले, तक्रारी थांबल्या.

माझी सवय अशी: आधी ‘शेड_गेटअफिनिटी’ (प्रोसेसला कोणत्या कोअरवर चालता येतं ते सांगणारा कॉल), मग ‘सीपीयू.मॅक्स’मधला पहिला आकडा भागिले दुसरा, आणि दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा. शिवाय तो कॉन्फिगमधून बदलता यावा. मर्यादा नसेल तर त्या फाइलमध्ये आकड्याऐवजी ‘मॅक्स’ हा शब्द असतो. तो थेट एटूआयला (मजकुराचा आकडा करणारं सी फंक्शन) दिला की उत्तर शून्य आणि थ्रेडही शून्य. जावा 15 पासून आणि गो 1.25 पासून हा कोटा स्वतःच बघतात. पायथनचा ‘सीपीयू_काउंट’ अजूनही पूर्ण मशीनचाच आकडा देतो.

दुसरी चूक घाईची. ‘/प्रॉक/स्टॅट’ (सीपीयूचा वेळ कुठे गेला ते सांगणारी कर्नलची फाइल) एकदाच वाचायची, भागाकार करायचा आणि ‘सीपीयू 4 टक्के’ म्हणून मोकळं व्हायचं. ते आकडे बूटपासून साचत आलेले असतात, त्यामुळे हाती येते ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी. सेकंदभर थांबून पुन्हा वाचा आणि फरक घ्या. तेवढा सेकंद ज्यांना जड जातो, त्यांनी मॉनिटरिंगच्या वाटेला जाऊ नये. बेरीज करताना ‘गेस्ट’ (व्हर्च्युअल मशीनसाठी गेलेला वेळ) वेगळा मिळवू नका, तो ‘युझर’मध्ये आधीच धरलेला असतो.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या:

‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ ग्रेप करणं, म्हणजे त्यात शब्द शोधणं, सोडा. एक्स86 वर ‘फ्लॅग्ज’ असतं तिथे आर्मवर ‘फीचर्स’, आणि ‘मॉडेल नेम’ची ओळ सापडेलच असं नाही.

सिसकॉन्फला कोअर विचारायचे दोन पर्याय, ‘कॉन्फ’ आणि ‘ओएनएलएन’, एक नव्हेत. पहिल्यात ऑफलाइन केलेले कोअरही येतात.

उत्तर देता आलं नाही तर सिसकॉन्फ -1 देऊ शकतो. तपासा.

लोड अ‍ॅव्हरेज (चालू आणि रांगेतल्या प्रोसेसची सरासरी) म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. लिनक्स त्यात डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजतो.

विंडोजवर 64 हून जास्त लॉजिकल प्रोसेसर असतील तर ‘गेटसिस्टिमइन्फो’ फक्त चालू ग्रुपचा (विंडोज प्रोसेसर 64 पर्यंतच्या गटांत वाटतो) आकडा देतो. तिथे ‘गेटअ‍ॅक्टिव्हप्रोसेसरकाउंट’ला सगळे ग्रुप मागा.