लघुग्रहाचे मूळ कसे शोधावे: मॅग्न्याचे उदाहरण

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातील एखादा लघुग्रह कोठून आला हे ठरवताना आरंभ कक्षेपासून करावा. मात्र आज दिसणारी कक्षा जशीच्या तशी वापरू नये. गुरू आणि शनी यांच्या ओढीने ती सतत हेलकावत असते, म्हणून ते हेलकावे वजा करून उरणारे दीर्घकालीन कक्षाघटक (कक्षेचा आकार, लांबटपणा आणि कल सांगणारे आकडे) घ्यावेत. हे घटक ज्यांचे जुळतात, ते लघुग्रह बहुधा एकाच फुटलेल्या पिंडाचे तुकडे असतात. अशा गटांना जपानी खगोलशास्त्रज्ञ कियोत्सुगु हिरायामा यांनी १९१८ साली ‘कुळे’ म्हटले. तरीही केवळ शेजारामुळे नाते मानू नये, कारण कुळात परके पाहुणेही मिसळलेले असतात.

यासाठी पुढची कसोटी वर्णपटाची, म्हणजे पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश कोणत्या तरंगलांबीला किती आहे याची. १९३७ साली सापडलेल्या १४५९ मॅग्न्या या लघुग्रहाच्या वर्णपटात ०.९ आणि १.९ मायक्रोमीटरच्या आसपास पायरोक्सीन या खनिजाचे ठळक शोषणपट्टे (प्रकाश शोषला गेल्याने पडलेले खळगे) दिसतात, म्हणजे त्याचा पृष्ठभाग बेसाल्टचा, एकेकाळी वितळलेल्या खडकाचा आहे. असा पृष्ठभाग दिसताच व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाचे नाव सुचते, कारण व्हेस्टाच्या दक्षिण ध्रुवावरील सुमारे ५०० किलोमीटर व्यासाच्या विवरातून असेच खडक उडाले. येथे घाई करू नये. व्हेस्टा सूर्यापासून सरासरी २.३६ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) आहे, तर मॅग्न्या ३.१४ एककांवर, मध्ये २.५ आणि २.८२ एककांवर गुरूच्या अनुनादाने, म्हणजे प्रदक्षिणाकाळ साध्या प्रमाणात जुळल्याने वारंवार बसणाऱ्या ओढीने, रिकाम्या झालेल्या फटी आहेत. सूर्यप्रकाशाने तापून पुन्हा उष्णता सोडताना बसणाऱ्या अतिसूक्ष्म धक्क्यांमुळे हळूहळू सरकत जाणारा तुकडा या फटींत शिरला, की त्याची कक्षा लांबट होऊन तो बहुधा पट्ट्याबाहेर फेकला जातो. एका झेपेत पलीकडे जायचे, तर सेकंदाला काही किलोमीटरचा वेग हवा, आणि व्हेस्टाचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या ओढीतून सुटण्यास पुरणारा वेग, सेकंदाला अवघा ०.३६ किलोमीटर आहे; त्याहून कितीतरी अधिक वेगाने तुकडे उडणे अवघड.

शंका उरल्यास शोषणपट्ट्यांचे मध्य काटेकोर मोजावेत. अवकाशातील माऱ्याने पृष्ठभाग जुनाट होत जातो, तसा वर्णपटाचा उतार बदलतो, त्यामुळे उतारावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. पट्ट्यांचे मध्य मात्र पायरोक्सीनमधील लोहाचे प्रमाण बऱ्याच विश्वासार्हपणे सांगतात. मॅग्न्यात ते व्हेस्टापेक्षा कमी भरते. म्हणून बाह्य पट्ट्यात आतून वितळलेला आणखी एखादा पिंड होता व मॅग्न्या त्याच्या कवचाचा तुकडा असावा, हा तर्क अधिक सबळ ठरतो. तो तपासण्यासाठी बाह्य पट्ट्यातच बेसाल्टचे इतर तुकडे आणि त्या पिंडाच्या गाभ्याचे धातुमय अवशेष शोधावेत.