विषय शिकवताना सर्जनशील लेखनाचा वापर कसा करावा

सर्जनशील लेखन हे साहित्य विभागाचे काम, असे विद्यापीठांत सहसा गृहीत धरले जाते. मात्र जीवशास्त्र, अर्थशास्त्र किंवा कायदा शिकवणाऱ्यांनाही ते उपयोगी पडते, कारण गोष्ट लिहायची म्हटली की काय घडले, कोठे घडले आणि कशामुळे घडले हे विद्यार्थ्याला ठरवावेच लागते. पाठ केलेल्या व्याख्येआड झाकले गेलेले अज्ञान तेथे उघडे पडते.

म्हणून विद्यार्थी जेथे हमखास चुकतात अशीच संकल्पना निवडावी. उदाहरणार्थ, हवेतील कार्बनच्या अणूने पानात शिरून शर्करेचा भाग होईपर्यंतचा आपला प्रवास प्रथमपुरुषी निवेदनात, तीनशे शब्दांत सांगावा, असा स्वाध्याय देता येईल. ‘माझे सोबती ऑक्सिजन अणू पुन्हा हवेत निघून गेले’ असे एखाद्याने लिहिले, तर त्याचा गैरसमज कोठे आहे ते लगेच कळते. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, तर पाण्यातून येतो. १९४१ मध्ये रुबेन, केमन या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१८ या समस्थानिकाच्या (ऑक्सिजनच्या जड अणूच्या) साहाय्याने ते दाखवून दिले. चूक सापडल्यावर हा प्रयोग शिकवला, तर तो विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर ठरतो.

अटी नेमक्या असाव्यात. ‘ऊर्जा’ हा शब्द आला की ती कोठून आली हे सांगावे, पानात कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराचे (एन्झाइमचे) काम प्रसंगातून दिसावे, अशा अटींमुळे विषयाला बगल देऊन नुसती रंजक गोष्ट लिहिता येत नाही. अट नसलेला स्वाध्याय मी तरी देणार नाही.

पहिल्या खर्ड्याला गुण देऊ नयेत. दोघादोघांनी खर्डे बदलून वाचावेत आणि वाचणाऱ्याने भाषा न सुधारता केवळ ‘हे कशामुळे घडले?’ असे विचारावे. अंतिम लेखनासोबत एक पानाचे टिपण मागवावे; त्यात कोणती गोष्ट कल्पित आहे, कोणती वस्तुस्थिती आहे आणि पुनर्लेखनात कोणती समजूत बदलली, हे विद्यार्थ्याने स्पष्ट करावे. बहुतांश गुण या टिपणाला आणि संकल्पनेच्या अचूकतेला द्यावेत, अन्यथा लेखनाची आधीपासून सवय असलेल्यांनाच त्यांचा लाभ होतो.

वैद्यक किंवा समाजकार्यात रुग्णाच्या वा पीडिताच्या भूमिकेतून लिहून घेताना अधिक जपावे लागते. लेखनानंतर अशा व्यक्तींची स्वतःची प्रत्यक्ष निवेदने वाचायला द्यावीत, आपली कल्पना कोठे तोकडी पडली हे विद्यार्थ्यांना नोंदवायला सांगावे आणि वर्गात मोठ्याने वाचण्याची सक्ती कोणावरही करू नये.