तरुणाचा खुबा मोडला तर: आधी जुळवणी विचारावी, मग स्क्रू

सत्तरीच्या आजींचा खुबा मोडला तर डॉक्टर बहुधा सांध्याचा अर्धा भाग किंवा अख्खा सांधा बदलतात आणि आजी एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभ्या राहतात. पस्तिशीच्या माणसाचे शक्यतो तसे करत नाहीत, कारण कृत्रिम सांधा झिजतो आणि त्याला अजून चाळीस वर्षे चालायचे असते. म्हणून मोडलेले हाड जुळवून, स्क्रूने बांधून त्याचा स्वतःचा सांधा वाचवतात.

इंदूरच्या बायपासवर बाइक घसरली, माणूस एका कुशीवर पडला आणि पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, तर तो ओढून सरळ करू नये आणि मालिशवाल्याकडे तर मुळीच नेऊ नये. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून ते एकत्र बांधावेत आणि रुग्णाला आडवेच न्यावे. रिक्षात बसवू नये. मांडीचे हाड मधोमध मोडले असेल तर खुब्याचा एक्स-रे आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन झाला का, हे आवर्जून विचारावे, कारण मोठ्या फ्रॅक्चरच्या गडबडीत हाडाच्या वरच्या मानेची, म्हणजे सांध्यातल्या गोळ्याखालच्या अरुंद भागाची, बारीक चीर नजरेतून सुटते.

हाडाच्या या मानेला चिकटूनच वरच्या गोळ्याकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या जातात. मान सरकली की त्या फाटतात किंवा मुडपतात आणि रक्ताविना गोळा सुकू लागतो. त्यामुळे शस्त्रक्रिया लवकर, शक्यतो चोवीस तासांच्या आत व्हावी, हे खरे. पण मध्यरात्री घाईने वाकडे जुळवण्यापेक्षा सकाळी अनुभवी हातांनी नीट जुळवणे मला अधिक योग्य वाटते. तोवर रुग्णाला उपाशी ठेवावे. भेटीला येणारे नातलग पोहे-जिलेबी घेऊन येतात आणि आग्रह करतात, परंतु भूल देण्याआधी किमान सहा तास घन आहार चालत नाही. दोन घास पोटात गेले तरी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.

नातलगांचा पहिला प्रश्न बहुधा स्क्रू इम्पोर्टेड आहे का, हा असतो. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तुटीचा, म्हणजे हाड जिथे मोडले त्या रेषेचा, उतार किती आणि तुकडे किती नीट जुळतील? जर्मन अस्थिशल्यविशारद पाउवेल्स यांनी 1935 मध्ये हा उतार मोजण्याची रीत दिली. आडव्या रेषेशी तुटीचा कोन 50 अंशांपेक्षा जास्त असेल, तर शरीराचे वजन तुकड्यांना एकमेकांवर दाबण्याऐवजी घसरवते, आणि तरुणांच्या जोरदार अपघातांत असे उभे फ्रॅक्चर बरेचदा आढळते. कमी उताराला उलट्या त्रिकोणात बसवलेले तीन पोकळ स्क्रू सहसा पुरतात. उभ्या तुटीला पुष्कळ शल्यविशारद बाजूच्या प्लेटमधून सरकणारा जाड स्क्रू आणि गोळा फिरू नये म्हणून आणखी एक स्क्रू वापरतात. बाहेरून पाय ओढून, वळवून तुकडे जुळले नाहीत, तर सांधा उघडून डोळ्यांदेखत जुळवावे लागतात. जखम मोठी होईल या भीतीने त्याला नकार देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर समोरून आणि बाजूने असे दोन्ही एक्स-रे मागून घ्यावेत, कारण समोरून सरळ दिसणारी मान बाजूने मागे झुकलेली असू शकते.

पुढचे साधारण सहा ते बारा आठवडे कुबड्यांचे असतात. पायाचा चवडा जमिनीला टेकवायचा, भार द्यायचा नाही. पूर्ण भार कधी द्यायचा, हे एक्स-रे पाहून डॉक्टर ठरवतात. या काळात पाटावर जेवण, मांडी घालणे, उकिडवे बसणे बंद ठेवावे आणि घरी कमोड नसेल तर डिस्चार्जच्या आधीच कमोडची खुर्ची आणून ठेवावी. विडी-सिगारेट सोडावी, कारण धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो.

हाड जुळले तरी गोळा सुकण्याचा धोका उरतो, म्हणून दोन वर्षे तपासणी चुकवू नये. जांघेत नव्याने दुखू लागले, पाय आत वळवताना अडकला, तर एक्स-रे चांगला दिसत असला तरी एमआरआयबद्दल विचारावे. स्क्रू टायटॅनियमचा की स्टीलचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतलेले असेल तर तेव्हा उपयोगी पडते, कारण स्टीलभोवतीचे चित्र अधिक पुसट येते.